निर्धोक साडू

उभ्या जर्मनीत माझ्या साडूंइतक्या पाठी कुणी चाचपल्या नसतील, आणि त्यातल्या निम्म्या तरी मालकाला न विचारता. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, हे यजमान. नागपूरला फिजिओथेरपी शिकले, नेकारसुल्मला आले आणि तिथल्या गाड्यांच्या कारखान्यातल्या कामगारांच्या पाठी आणि माना सरळ करू लागले. तिथवर सगळं ठीक होतं. मग एका हिवाळ्यात त्यांना ऑस्टिओपॅथीचं वेड लागलं. हाडं, स्नायू, आतडी, रक्त, सगळं एकमेकांना धरून असतं आणि कुठे काय अडलंय ते हातांना कळतं, असं मानणारी ही विद्या. शिकवणारी शाळा खाजगी, वर्ग शनिवार-रविवारचे आणि कोर्स पाच वर्षांचा. तेवढ्या काळात लोक घर बांधतात, हप्ते सुरू करतात. साडू हात तयार करत बसले.

त्या दिवसांत त्यांच्याकडे जेवायला जायचं तर जरा अंग चोरूनच जावं लागे. दारात बूट काढायला वाकलो की मागून आवाज यायचा, "आल्झो, म्हणजे असं बघा, डावीकडून वाकताय तुम्ही. उजवा कुल्ला रुसलाय." जयंतीला भाड्याच्या हॉलमध्ये माणसं हात जोडून एकमेकांना जय भीम करत, आणि यांचं लक्ष कोणाचा खांदा वर राहिला तिकडे. फुटबॉलच्या वर्ल्ड कपच्या उन्हाळ्यात सगळी खोली चेंडूकडे बघत होती, हे एकटे एका जर्मन बचावपटूच्या कमरेकडे. "हा सेकंड हाफमध्ये बसणार," म्हणाले, आणि तो गडी खरोखर लंगडत बाहेर गेला तेव्हा यांनी अशी टाळी पिटली की शेजारच्या जर्मन काकू दुखावल्या. आमची मुलगी तर त्यांची गाडी दिसली की "नाइन, काका, बिट्टे!" अशी नको-नको करत सोफ्याच्या मागे जायची.

पण सगळ्यात नवल होतं ते त्यांच्या गृहपाठाचं. ताईंच्या कंगव्यातला एक लांब केस घ्यायचा, टेलिफोन डिरेक्टरीच्या पानाखाली ठेवायचा आणि डोळे मिटून बोटांनी तो शोधायचा. सापडला की वर आणखी एक पान, मग आणखी एक. बोटं अशी घडवतात म्हणे. त्या घरात कुणाचा नंबर शोधायला डिरेक्टरी उघडली की आधी केसच हाती यायचा. मीही करून बघितलं. दुसऱ्या पानाला माझा केस हरवला. साडू मात्र पानांमागून पानं टाकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "हा बघा, इथे वळलाय." पानं उचलली तर केस तिथेच वळलेला! त्यांना खरंच कळत होतं की ठेवताना बघून ठेवलं होतं, हे कुतूहल माझं अजून फिटलेलं नाही.

त्यांचं दुखणं वेगळंच होतं. "अमेरिकेत हे शिकलेला माणूस पूर्ण डॉक्टर असतो, अहो," ते तळमळून सांगत. "आडगावात दवाखाना चालवतो, ताप बघतो, बाळंतपणं करतो. इथे मला डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय कुणाला हात लावता येत नाही. कारखान्यातला माणूस माझ्याकडे येतो तो पाठ गेल्यावर. मला तो आधी हवाय, जायच्या आधी!" यावर वाट एकच होती. गेझुंडहाइट्सआम्टमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्य कचेरीत, परीक्षा द्यायची आणि स्वतंत्र उपचाराची परवानगी मिळवायची. गंमत अशी की तुम्ही किती चांगले आहात हे ती परीक्षा विचारतच नाही. लोकांच्या आरोग्याला तुमच्यापासून धोका नाही ना, एवढंच बघतात. ताई पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "आणि घरच्यांच्या आरोग्याचं कोण बघणार?"

पहिल्या खेपेला साडू तोंडी परीक्षेत आपटले. समोरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तरुण बाई आहे, सणसणून ताप, मान आखडलेली, काय कराल? पाच वर्षं घडवलेले हात शिवशिवले. साडूंनी मान कशी धरायची, अंगठा कुठे, तळवा कुठे, सगळं रंगवून सांगितलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "हा मेंदूज्वर असू शकतो. तोवर ती हॉस्पिटलमध्ये पोचायला हवी होती."

त्यानंतर हा माणूस मिटला. कुणाच्या पाठीला हात नाही, कमरेवर टिप्पणी नाही. पुन्हा नापास झालो तर जन्मभर दुसऱ्याच्या चिठ्ठीवर, एवढंच एकदा बोलले. आमची मुलगी सोफ्यावर निर्धास्त बसू लागली आणि मला वाईट वाटू लागलं.

अशात मी मुंबईहून परतलो. सासूबाईंनी दिलेले सांडगे न्यायला साडू आणि ताई एश्बॉर्नला आमच्याकडे आले होते. विमानात बसून माझी पोटरी धरली होती, सुजून गरमही झाली होती. त्यांना जरा बरं वाटावं म्हणून मीच पाय पुढे केला. "घ्या, दोन मिनिटं चोळून द्या." ते खाली बसले, हात पुढे आले आणि तिथेच थांबले. मग दोन्ही हात त्यांनी पाठीमागे घेतले. माझी बायको म्हणाली, "भाऊजी, मी देऊ का चोळून?"

"चोळायचं नाही!" त्यांना ओरडताना मी तेव्हाच ऐकलं. "कुणी हात लावू नका. गाडी काढतो. हॉस्पिटल."

पायात रक्ताची गुठळी होती. चोळलं असतं तर ती सुटून फुप्फुसात गेली असती कदाचित, असं तिथल्या डॉक्टरने सांगितलं. साडू बाहेर बाकावर तळवे मांड्यांखाली दाबून बसले होते. "गेल्या वर्षी मी चोळला असता हो," म्हणाले आणि रडू लागले. मी जिवंत होतो आणि मला त्या माणसाचा फार लळा लागला होता, एवढंच कळत होतं.

दुसऱ्या खेपेला ते पास झाले. आरोग्य कचेरीने मान्य केलं की यांच्यापासून लोकांना धोका नाही. यापेक्षा बरं काही लिहायला हवं होतं, असं मला वाटलं. साडूंना वाटलं नाही. "गेनाऊ, अगदी बरोबर, एवढं कळलं की पुष्कळ कळलं," म्हणाले. पुढे ताईंना दूर उत्तरेला ब्राउनश्वाइगच्या विद्यापीठात काम मिळालं. परवानगी हातात होती, म्हणून साडूंनी तिथेच स्वतःचा दवाखाना टाकला. संध्याकाळी तिथल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत ते लोकांना ओझं कसं उचलावं ते फुकट शिकवतात. माणसं पाठ जायच्या आधी येतात म्हणे. मनासारखं झालं त्यांच्या.

आमच्याकडे येणं आता होत नाही. परवा माझी मान जरा धरली तर खरं सांगतो, बरंच वाटलं, फोनला निमित्त मिळालं. त्यांनी ताप आहे का, हाताला मुंग्या येतात का, सगळं नीट विचारलं आणि म्हणाले, "काळजीचं नाही. तिथल्याच कुणाला तरी दाखवा, इतक्या लांबून मी काय करणार?" मी हो म्हटलं. अजून कुणालाच दाखवलेली नाही.