वडिलांचं घंगाळ
दिवाळीच्या आदल्या दिवशी सून चिंचेनं घंगाळ घासायला बसली, की त्या आंबट वासासरशी मला आमची वाटणी आठवते. नेकनूरकडच्या आमच्या गावात थोरल्यानं दोन वाटे पाडायचे अन् धाकट्यानं आधी एक उचलायचा, अशी रीत. थोरला मी. मला जमिनीपेक्षा वडिलांचं तांब्याचं घंगाळ पाहिजे होतं. त्यांच्या अंघोळीचं पाणी मीच त्यात ओतायचो. म्हणून एका वाट्यात विहिरीचं काळं रान ठेवलं अन् दुसऱ्यात खडकाळ माळ अन् घंगाळ. विहीर सोडून माळ कोण घेतंय? तर पंचांसमोर भाऊ घंगाळावर हात ठेवून म्हणाला, "मला ह्यो वाटा." एक पंच हसला, "येडा हायस का बे? माळावर काय कुसळं खाशील?" भाऊ म्हणाला, "दादाच्या मनात काय हाय ते मला ठावं हाय. पर वडील माझेबी व्हते." मी विहिरीचा वाटा घेतला. रीत मोडणारा मी न्हाई. त्या वाटणीला आता लई वर्षं झाली. घंगाळ मी कधी मागितलं न्हाई, पण दर दिवाळीला पहिल्या अंघोळीसाठी तो ते माझ्या घरी पाठवतो. माझ्या विहिरीचं पाणी त्याच्या माळाला जातं, तेबी त्यानं कधी मागितलं नव्हतं.