मास्तरांचा दात आणि डॉक्टरांचा टाका

शिलाईच्या दुकानातल्या मास्तरांनी चाळीस वर्षांत दोरा कधी कात्रीने तोडला नाही. कात्री कापडाला, दोऱ्याला दात! आणि नेमका तोच खालचा समोरचा दात हलायला लागला.

"हा पडला तर मी काय नवशिक्यासारखा दर टाक्याला कात्री शोधत बसू?" मास्तर बायकोवर उखडले. ती शेजारीच काज-बटणं करत होती. "माझ्यावर कशाला ओरडता? दवाखान्यात जा की," ती म्हणाली.

दातांची डॉक्टर त्यांच्या मुलीपेक्षाही लहान. दात धरून ठेवणारे तंतू आणि हाड झिजलंय, म्हणाली. तिथे एक नवा प्रयोग चालू होता: मास्तरांची अक्कलदाढ काढायची, तिच्या मुळावरच्या जिवंत पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांचा पातळ पापुद्रा करायचा, तो हलत्या दाताच्या मुळाशी ठेवायचा आणि वरून हिरडी शिवायची. जमलं तर तंतू आणि हाड नव्याने तयार होणार.

"अक्कलदाढ होती यांना?" बायकोला भलताच आनंद झाला.

दाढ निघाली, काही आठवड्यांनी पापुद्रा बसला. "हा एकच आहे. टाक्यांना हात लावायचा नाही," डॉक्टरांनी बजावलं.

चौथ्या दिवशी मास्तर आरशात बघतात तर काय, एका टाक्याचं टोक चक्क बाहेर लोंबतंय! "ही काय शिलाई झाली?" त्यांचे हात शिवशिवायला लागले. जरासं ओढलं, तर अख्खा टाका हातात.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. बायकोने वाटभर उद्धार करत त्यांना दवाखान्यात नेलं.

"कोणी काढला?" डॉक्टरांनी विचारलं.

"निघाला. कच्चा होता."

"खोटं बोलताहेत!" बायको म्हणाली.

"बरं, मीच ओढला," मास्तरांनी कबूल केलं. "पापुद्रा गेला का हो?"

डॉक्टरांनी बराच वेळ निरखून पाहिलं. पापुद्रा जागेवरच होता; बाकीच्या तीन टाक्यांनी लाज राखली होती. तिने नवा टाका घातला आणि मास्तरांना असं काही झापलं, की ते दोन आठवडे आरशाकडे फिरकले नाहीत.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी दात हलवून पाहिला. जागचा हलेना! एक्स-रेत मुळाशी नवं हाडही धरलेलं दिसत होतं. मास्तरांचे डोळे भरून आले.

"शिलाई फार सुंदर केलीत हो," ते म्हणाले.

बायको झटकन वळली. "चाळीस वर्षं काजं करतेय मी. मला म्हणालात कधी?"