प्रमोदिनीबाईंचा आवाज कुठे राहतो

वर्ध्याच्या रामनगरात प्रमोदिनीबाईंचं घर विचारत जावं लागत नसे. भर दुपारी बंद खिडक्यांमागून कुणीतरी एकटंच मोठ्याने भूगोल वाचतंय, ते घर त्यांचं. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांच्या मैत्रिणी भिशीत रमल्या. बाईंनी मात्र अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायचा नाद लावून घेतला. नुसतं वाचत नसत त्या. नकाशा आला की थांबून तो शब्दांनी काढून दाखवायच्या; कुठली नदी कुणाच्या कुशीत शिरते तेही सांगायच्या. आवाज स्वच्छ यावा म्हणून हे सगळं पंखा बंद करून चाले. मे महिन्यातल्या वर्ध्यात पंखा बंद करणारी बाई हट्टी असणार, हे वेगळं सांगायला नको.

मुलं जिल्हाभरातून येत. कुणी आर्वीचं, कुणी हिंगणघाटचं. सोबत आईबाप आणि खिशात मेमरी कार्ड. बाई त्यांना लागेल ते पुस्तक कार्डात भरून द्यायच्या, वर गोरसपाकाच्या बिस्किटाचा तुकडा द्यायच्या आणि परीक्षेला नीट बसा म्हणायच्या. कोण काय घेऊन गेलं, याची त्यांनी कधी नोंद ठेवली नाही.

मग घशात गाठ निघाली. ऑपरेशन नीट पार पडलं, गाठही साधीच होती. पण ती आवाजाच्या नसेला चिकटलेली होती आणि आवाज बदलू शकतो असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. बाई बऱ्या होऊन घरी आल्या त्या वेगळाच आवाज घेऊन. घोगरा, मध्येच फाटणारा. दूधवाल्यानं फोनवर "काकाजी" म्हटलं तेव्हा त्या हसल्या, पण फोन ठेवल्यावर त्यांना रडू आलं. त्या दिवसापासून त्यांनी वाचन बंद केलं. आपला खरा आवाज आता फक्त संगणकाला जोडलेल्या त्या पेटीत आहे, असं त्या स्वतःशी म्हणत आणि अधूनमधून एखादा धडा लावून स्वतःलाच ऐकत बसत.

ती पेटी मुलानं, सुमीतनं, पुण्याहून आणून दिली होती. आत दोन हार्ड डिस्क. एकीवर काही ठेवलं की दुसरीवर तेच आपोआप उतरायचं. "एक बिघडली तरी दुसरी आहे. आता तू निर्धास्त राहा, आई," असं तो म्हणाला होता आणि ते खरंही ठरलं. एकदा पेटीवर लाल दिवा लागला, एक डिस्क मेली. सुमीतनं येऊन नवी बसवली, आणि एक अक्षरही गेलं नाही. बाईंचा पेटीवर असा विश्वास बसला की त्या तिच्यावर विणलेला रुमाल घालू लागल्या.

घात केला तो दिवाळीच्या साफसफाईनं. पुतणीच्या, इलाच्या लग्नाचं चित्रण पेटीत ठेवायचं होतं आणि पेटी म्हणे जागा नाही. आता बाई पडल्या टुकीनं संसार केलेल्या. त्यांनी विचार केला, एकच वस्तू दोन-दोन ठिकाणी कशाला? एका डब्यात डाळ आहे ना, मग दुसरा डबा रिकामा करून घ्यावा. म्हणून त्यांनी एकाच डिस्कवरचं समजून 'वाचन' नावाचं सगळं दालन पुसलं, आणि अर्धवट काम आवडत नसल्यामुळे संगणकाची कचरापेटीही रिकामी केली. मग इलाचं लग्न त्या जागी थाटात बसवलं.

संध्याकाळी दुसऱ्या डिस्कवरचा भूगोल ऐकायला त्या बसल्या. भूगोल नव्हता. इतिहास नव्हता. काहीच नव्हतं. त्यांनी सुमीतला फोन लावला.

"आई, ते बॅकअप नव्हतंच गं," सुमीत फोनवर हळू म्हणाला. "ती पेटी डिस्क बिघडली तर सांभाळून घेते. आपली चूक ती सांभाळत नाही. तू पुसलंस, तिनं इमानदारीनं दोन्हीकडे पुसलं. चोर आला असता, घरात पाणी शिरलं असतं, तरी दोन्ही एकदमच गेल्या असत्या. एक प्रत दुसऱ्या घरी हवी होती, तुझा हात पोचणार नाही अशा जागी. मीच निर्धास्त राहा म्हटलं. चूक माझी आहे."

पुसलेलं परत आणणाऱ्या माणसाकडे त्यानं पेटी नेली. जुन्या जागेवर लग्न येऊन बसल्यामुळे हाती काही लागलं नाही. बाई कुणाला काही बोलल्या नाहीत. स्वतःचं माणूस जावं तसं त्यांना वाटत होतं, आणि असं कुणाला सांगायची लाजही वाटत होती.

पण सुमीतला राहवेना. त्यानं गोपालला फोन केला. गोपाल बाईंचा पहिल्यापहिल्या विद्यार्थ्यांतला. आता पुलगावला बँकेत नोकरीला होता. रविवारी पांढरी काठी टेकत तो दारात उभा राहिला.

"मॅडम, तुमी काऊन चूप बसून राह्यल्या? मले सांगाचं ना," तो खुर्ची चाचपून बसत म्हणाला. "तुमचं वाचलेलं मी काईच फेकलं नाई. मोहिनीले फोन केला, आर्वीले. तिच्यापाशी अकरावीचा इतिहास निंगाला. बाकीच्याइनंबी धाडलं. हे घ्या."

त्यानं कार्ड पुढे केलं. संगणकातून बाईंचा जुना आवाज खोलीत आला तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला. ज्याची त्यांनी कधी नोंद ठेवली नव्हती, ते सगळं पोरांनी आपापल्या गावी जपून ठेवलं होतं.

"एकच नाई सापडलं," गोपाल म्हणाला. "बारावीचं अर्थशास्त्र. ते कोनी नेलंच नव्हतं. अन् सेवाग्रामच्या वेदश्रीले तेच पाह्यजे. फेब्रुवारीत पेपर आहे तिचा."

"सुमीतच्या बायकोला सांगते वाचायला. तिचा आवाज गोड आहे."

"त्या आकृती सोडून देतीन, मॅडम. सारेच सोडतेत. तुमीच वाचा."

"ह्या आवाजात? अरे, मला स्वतःला ऐकवत नाही तो. तुम्ही पोरांनी माझा जुना आवाज ऐकलाय."

गोपालनं काठी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "खरं सांगू? राग नोका येऊ देऊ. तुमचा आवाज तुमच्या चालीनं आमी कोनी ऐकतच नाई. दुप्पट वेगानं लावतो. इतका अभ्यास पुरा कराचा कवा? त्या वेगात लता काय अन् रेडा काय, सारे सारखेच. आमाले फक्त समजलं पाह्यजे, अन् तुमचं समजते."

बाई आधी दुखावल्या. इतकी वर्षं पंखा बंद करून, घाम गाळून गोडवा जपला, आणि ही पोरं तो गाडी पळवावी तसा पळवत होती. मग त्यांना हसू फुटलं. फाटक्या आवाजातलं मोठं हसू. त्यांनी उठून पंखा बंद केला.

पहिला धडा वाचताना आवाज चारदा फाटला. त्या पाणी प्यायच्या आणि पुढे जायच्या. मागणीची रेषा आली तेव्हा थांबल्या. "ही डावीकडे वरून निघते आणि उजवीकडे उतरत येते. किंमत वर असली की घेणारे थोडे, किंमत खाली आली की घेणारे भरपूर. आपल्या भाजीबाजारात संध्याकाळी होतं तेच." धडा संपताच गोपालनं तो आधी स्वतःच्या कार्डात घेतला, मग सेवाग्रामला धाडला. "पेटीत मागून टाका," असं त्यानं बजावलं.

गोपालचा दुसरा चहा संपायच्या आत वेदश्रीचा निरोप आला. त्यानं तो बाईंना ऐकवला.

"मॅडम, रेषा समजली. तुमाले सर्दी झाली वाट्टे, काढा घ्या. अन् दुसरा धडा कवा देता?"

वर्षभर ज्या दुःखानं बाईंनी तोंड मिटलं होतं, त्याला ती पोर सर्दी म्हणत होती. बाईंनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि दुसऱ्या धड्याचं पान काढलं.