हळद न लागलेला चेहरा

मागच्या महिन्यात धुळ्याहून थोरल्या भावाचा फोन आला. "नाना गेले," एवढंच तो म्हणाला.

नाना आमचे शेजारी. शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतर गल्लीला शिकवू लागले. कुणी खोकला थांबवायचं औषध विचारलं की म्हणायचे, "जरा खोकू द्या, आतला केर बाहेर पडतोय." कुणाला उलटी झाली तर "पोटानं नको ते परत पाठवलं." नानांकडे गेलं की आजाराचंच कौतुक ऐकावं लागतं, असं आई म्हणे.

ऐंशीच्या दशकात भावाचं लग्न नशिराबादच्या मुलीशी ठरलं. हळदीच्या आदल्या दिवशी दाढी करताना न्हाव्यानं हौसेनं त्याच्या नाकातले केसही उपटून काढले. हळदीच्या सकाळी नाकपुडीत फोड आला होता, दुपारपर्यंत वरचा ओठ टम्म फुगला, अंगात ताप भरला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, शेकायला सांगितलं आणि फोड दाबू नका, असं बजावलं. पण घरात आत्या होती.

"नवरदेव शे का भरीतनं वांगं?" ती म्हणाली. "सुई तापाडी आना. फोडी टाकू, फोटोमा तरी बरा दिखी."

"अक्का, पहिले माले फोडा," नाना दारातूनच म्हणाले, "मंग त्याले हात लावा."

आत येऊन ते भावाच्या शेजारी बसले. केळीच्या बागेला वारा लागू नये म्हणून कडेनं शेवरी लावतात, तसे नाकातले केस, त्यांनी सांगितलं. न्हाव्यानं शेवरीच उपटली. आता जंतू आत शिरलेत, म्हणून शरीरानं रक्त तिकडे वळवलंय. सूज त्याचीच, तापही त्याचाच. पू म्हणजे घाण नव्हे, लढता लढता कामी आलेल्या पेशी आहेत. दाबलं तर हे सगळं आत, डोक्याकडे जाईल. त्यांनी हळद लावू दिली, पण हातापायांना. चेहऱ्याला कुणाचं बोट लागू दिलं नाही. बायका चिडल्या. "अर्धा नवरदेव पिवया, अर्धा लाल," आत्या बोललीच.

संध्याकाळी वऱ्हाड नशिराबादला पोचलं. सीमांतपूजनाला नवरीच्या काकांनी भावाचा चेहरा पाहिला आणि ताट खाली ठेवलं. "हे काय आहे ते कळल्याशिवाय लग्न लागणार नाही," ते म्हणाले. मांडवात कुजबुज सुरू झाली. कुणी रोग म्हणालं, कुणी दारू. आत्या पुन्हा सुईची गोष्ट काढू लागली.

नाना उठले. आवाज न चढवता म्हणाले, "फोड आहे. आत्ता दाबून घ्या म्हणालात, तर तुमच्या मुलीला चांगल्या चेहऱ्याचा नवरा मिळेल, पण किती दिवस मिळेल ते सांगता येत नाही. माझा धाकटा भाऊ असाच गेला. आम्हीच दाबला होता." शेजारी राहूनही हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

काका तरीही ताट उचलेनात. तेवढ्यात नवरीचा भाऊ आतून आला. ताईनं विचारलंय, म्हणाला, "त्यांना फार दुखतंय का?"

दिवसभरात हे कुणीच विचारलं नव्हतं. भावानं हो म्हणून मान हलवली. काकांनी ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी लग्न वेळेवर लागलं. फोड आपोआप फुटला तो परतीच्या वाटेवर.

नानांच्या दहाव्याहून आल्यावर वहिनीनं लग्नाचा अल्बम काढला. त्या दिवशी फोड सारखा ठणकत होता आणि भावाचा हात सारखा नाकाकडे जात होता, म्हणून नाना त्याला चिकटून उभे होते. फोटोग्राफर "मास्तर, बाजूला व्हा" म्हणून थकला होता. शेवटी त्यानं त्यांना चौकटीबाहेर ठेवूनच फोटो काढले. मंगलाष्टकांच्या फोटोत अंतरपाटाच्या अलीकडे भाऊ उभा आहे, ओठ सुजलेला. कडेनं पांढऱ्या सदऱ्याची एक बाही आत आली आहे, आणि भावाचं मनगट घट्ट धरलेला एक हात...