नर्सबाईंची पिशवी

आमच्या नर्सबाई धावायला लागल्या की त्यांच्या मागं गाव धावायचं. दर्यापूरहून आत असलेल्या आमच्या खेड्यात बाईमाणूस उगाच पळत नाही, आणि नर्सबाई तर नाहीच नाही. पहिल्यांदा त्या पहाटे पांढरे बूट घालून उपकेंद्रातून पळत निघाल्या, तेव्हा वळणावरच दोन बायका पदर खोचून मागं लागल्या. "कोनाच्या घरी वं बाई? कोनाले कळा लागल्या?" एकानं तर जीप सुरू करून ठेवली. बाई थांबल्या, कमरेवर हात ठेवून दम खाल्ला आणि म्हणाल्या, "कोनाच्याच नाई माय. मी अशीच पयून राहिली."

"अशीच?" पारबती बुढी म्हणाली. "अशीच तं कुत्रंबी नाई पयत."

मग गावानं ठरवून टाकलं. बाईंच्या खांद्यावर बाळंतपणाची निळी पिशवी असली तर उठायचं, नसली तर आपापलं काम करायचं. तरी सवयीनं दारादारातून हाक यायचीच, "कोनाच्या घरी?" आणि बाई पळता पळता दोन्ही हात वर करून रिकामे दाखवायच्या.

अमरावतीला दहा किलोमीटरची एक दौड होती. दिवस न भरता जन्मलेल्या बाळांच्या वॉर्डासाठी. धावणाऱ्यानं आपल्या माणसांकडून मदत आणायची होती. बाईंनी उपकेंद्राच्या ओट्यावर बायकांना बसवलं आणि सांगितलं, "पैसे नाई मांगत. मी एक किलोमीटर पयली का तुमी एक दुपटं अन् एक टोपडं शिवायचं. जुन्या धोतराचं, नरम. तिथं लेकरं जास्त अन् दुपटी कमी हायेत."

ते मलाही माहीत होतं. माझी मुलगी त्या वॉर्डात अठरा दिवस होती. सातव्या महिन्यातच झाली, मुठीएवढी. बाईंनी तिला स्वतःच्या पोलक्यात, छातीला लावून घेतलं, वरून शाल गुंडाळली आणि जीपमध्ये बसल्या. मी मागच्या बाकावर आडवी. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला मी विचारायची, "हाये का?" आणि बाई म्हणायच्या, "हाये. तू इचारत राहा, मी सांगत राहतो." अमरावती येईपर्यंत मी किती वेळा विचारलं त्याला गणती नाही. एकदाही त्या चिडल्या नाहीत.

तेव्हा मी माहेरीच होते. आठवीतून शाळा सुटलेली, नवरा सुरतेला कापडाच्या लूमवर, आणि मला सगळ्याचीच भीती. फोन वाजला तरी तो आईच्या हातात द्यायची. बाईंनी मला काम दिलं. त्या पुढं धावणार, मी सायकलवर मागं, आणि सायकलच्या पुढच्या छोट्या सीटवर त्यांचा अडीच वर्षांचा बबलू. माझी मुलगी तेवढा वेळ आईजवळ झोपलेली असायची. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "बाई, मले भेव लागते. पोट्टं पडलं तं?"

"लागू दे. त्या भेवाले मांगच्या कॅरियरवर बसव," त्या म्हणाल्या. "फक्त हँडल त्याच्या हाती देऊ नको."

बाईंकडे मोजायला घड्याळ नव्हतं. नाल्याच्या पुलापर्यंत एक, फाट्यापर्यंत दोन, जिनिंगच्या भिंतीपर्यंत तीन, असा त्यांचा हिशोब. बबलूला ताप असला की लांब जायच्या नाहीत. दार उघडं टाकून क्वार्टरभोवतीच चकरा मारायच्या आणि प्रत्येक चकरेला खिडकीतून आत बघायच्या. मग आंघोळ, बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती, भाकर, आणि नऊ वाजता रजिस्टर उघडून हजर. लसीकरणाच्या दिवशी पळणं नाही, कारण दिवसभर त्याहून जास्त व्हायचं.

मोठी मुलगी शाळेसाठी अकोल्याला, नवऱ्याजवळ आणि सासूजवळ. दर शनिवारी बाई अकोल्याची गाडी धरायच्या, रविवारी संध्याकाळी परत. एका रविवारी आल्या त्या हसतच. सासूनं विचारलं होतं, "दोन लेकरांची माय तू, आता कोनाच्या मांगं पयतं?" बाईंनी उत्तर दिलं, "आत्याबाई, मांगं नाई, म्होरं पयतो." हे सांगताना हसल्या खऱ्या, पण मग बराच वेळ मुलीची कंपासपेटी हातात घेऊन बसल्या. चुकून सोबत आली होती. दुसऱ्या दिवशी मुलीचा गणिताचा पेपर होता.

दौडीच्या दिवशी मी बबलूला घेऊन आठव्या किलोमीटरच्या वळणावर उभी होते. त्याला खाऊ दिला होता, हात घट्ट धरला होता. पण माय दिसताच त्यानं असा हिसका दिला की हात सुटला, आणि तो सरळ रस्त्यात. बाईंच्या पायाला मिठी मारून बसला. मी सोडवायला गेले तर रडून रडून निळा पडायला लागला. मागून येणारे दोन्ही बाजूंनी निघून जात होते.

"बाई, माह्या हातून सुटला," मी रडायला लागले.

बाईंनी त्याला कडेवर घेतलं. "तू काहून रडून राहिली? एकाले घेतलं कडेवर, दुसरीले कुठी घेऊ? चाल. दोनच रायले."

पळणं शक्य नव्हतं. त्या चालल्या. मागं मी, एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्यात बबलूची गळालेली चप्पल. पोहोचलो तेव्हा दौडीच्या शेवटच्या कमानीचं कापड उतरवून घड्या घालणं चाललं होतं. बाई त्या नुसत्या बांबूंखालून गेल्या.

गावात वाद पेटला. आठ दुपटी की दहा? एकजण म्हणाली, बोली पळायची होती, चालायची नाही. मी मान खाली घालून बसले होते. हात माझाच सुटला होता. पारबती बुढी उठली. "त्या पोट्ट्याले काखेत घेऊन दोन किलोमीटर चालून दाखव, मंग मोज. मी म्हनतो बारा द्या." बारा झाली. त्यातलं एक माझ्या वडलांच्या धोतराचं.

गठ्ठा घेऊन आम्ही अमरावतीला गेलो. वॉर्डाच्या दाराशी बाई थांबल्या. "तू ने."

मला वॉर्डाचा तो वास आला आणि मी गठ्ठा परत त्यांच्यापुढं केला. त्या अठरा दिवसांनंतर मी त्या दारात गेलेच नव्हते. बाई काही समजवायला लागल्या नाहीत. बबलूला घेऊन बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी हाये हितं." मी आत गेले. तिथल्या सिस्टरला घाई होती. तिनं माझ्यापुढं एक बाळ केलं, "गुंडाळ." मी गुंडाळलं. हातांना सगळं आठवत होतं.

पुढं बाईंची बदली झाली, अकोल्याजवळ, रोज घरी जाता येईल अशी. निघाल्या त्या दिवशी खांद्यावर ती निळी पिशवी होती. गाव सवयीनं दारात आलं, आणि पारबती बुढीनं विचारलं, "कोनाच्या घरी वं बाई?"

"माह्याच घरी, माय," बाई म्हणाल्या. त्या दिवशी मात्र पळाल्या नाहीत. फाट्यापर्यंत हळूहळू चालत गेल्या, आणि आम्ही सगळे मागं.

आता मी सुरतेला आहे. नवऱ्याजवळ आले आणि इथल्या अशाच एका वॉर्डात आया म्हणून लागले. भीती गेलेली नाही; कामावर निघताना तिला कॅरियरवर बसवते. काचेबाहेर बाळंतिणी उभ्या असतात, कोणी ओडिया, कोणी गुजराती, कोणी हिंदीत बोलणारी. भाषा सगळ्या येत नाहीत, पण प्रश्न एकच असतो. दहादा विचारतात. मी दहादा बाहेर येऊन सांगते, आहे.