बावीस सालचं भांडण

मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या पाठीमागे, जेमतेम एक टेबल मावेल अशी खोली होती. बाहेरून येणारा प्रत्येक फोन आधी तिथे यायचा. तिथे बसणाऱ्या माणसाला सगळे ऑपरेटर म्हणायचे. त्याचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुणाला फारसं लागत नसे. त्याला दिसत नव्हतं. पण आवाजावरून तो माणूस ओळखायचा, आणि कुणाला आधी जोडायचं, कुणाला जरा थांबवलं तरी चालेल, हेही त्याला त्या आवाजावरूनच कळायचं.

जन्मापासून असं नव्हतं. पदवी झाल्यावर तो कापडाच्या दुकानात लागला होता. संध्याकाळी दिवे लागले की त्याला गडद निळा आणि काळा एकच वाटू लागले. मालक आधी चिडला, मग काळजीत पडला. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, कडेकडेनं अंधार येत जाईल. तसाच आला. लग्न ठरलं तेव्हा समोरच्याचा चेहरा तेवढा दिसायचा. "आत्ताच नीट बघून ठेवा," बायको म्हणाली होती, "मी कितीही म्हातारी झाले तरी तुमच्यासाठी अशीच राहीन!"

ती इस्पितळासमोरच्या औषधाच्या दुकानात कामाला होती. डॉक्टरांचं अक्षर वाचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

एकदा दोघं त्याच्या अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सरकारी कचेरीत गेली. साहेबानं कागद चाळले आणि बायकोकडे बघून विचारलं, "यांना सही करता येते का?"

"त्यांनाच विचारा की," ती म्हणाली.

साहेबानं तरी तिलाच विचारलं, "शिक्षण किती यांचं?"

काम झालं. जिना उतरताना ऑपरेटर मध्येच थांबला. कठड्यावरचा हात त्यानं घट्ट आवळला होता.

"या खात्यातल्या खुर्चीत बसायला कोणती परीक्षा द्यावी लागते गं?"

ती थट्टा करणार होती, पण त्याचा चेहरा पाहून तिनं ती गिळली. म्हणाली, "विचारते उद्या दुकानात. वरच्या मजल्यावर क्लास आहेच एक."

झालं, त्याच आठवड्यात पुस्तकं घरात आली. बाकीचे विषय मोबाइल वाचून दाखवायचा, पण इतिहासाचं पुस्तक हाती आलं ते जुनं, पुसट छपाईचं. मोबाइल त्यातल्या व्हाइसरॉयांच्या नावांची पार वाट लावायचा. शेवटी बायकोनं ते आपल्या आवाजात रेकॉर्ड करायला घेतलं. स्वयंपाक करता करता ती वाचायची, त्यामुळे स्वातंत्र्याच्या अख्ख्या चळवळीत कुकरच्या शिट्ट्या होत्या. रौलट कायद्याच्या ऐन मध्यावर "अगं बाई, दूध!" असं होतं आणि त्यानंतर भांडं आपटल्याचा आवाज. पुढे कधीही रौलट म्हटलं की ऑपरेटरला करपल्या दुधाचा वास यायचा, आणि साल चोख आठवायचं.

कामावर तो एका कानात इअरफोन घालून बसे. दुसरा कान फोनला. एकदा दोन्हींची गल्लत झाली. शस्त्रक्रिया विभागाच्या मोठ्या डॉक्टरांचा फोन उचलून तो गंभीरपणे म्हणाला, "बंगालची फाळणी, बोला."

डॉक्टर म्हणाले, "ती रद्द झाली ना रे? मला एक्स-रे विभाग जोड."

इस्पितळभर ही गोष्ट पसरली. बरेच दिवस परिचारिका फोनवर "फाळणी आहेत का जागेवर?" असं विचारायच्या. तो हसायचा आणि लाइन जोडून द्यायचा. ऐकणं मात्र त्यानं थांबवलं नाही.

पूर्व परीक्षा तो पहिल्याच फटक्यात पास झाला. मुख्य परीक्षेत इतिहासानं घात केला. जो विषय त्याला तोंडपाठ होता, त्यातच गुण सगळ्यात कमी.

त्याचा थोरला भाऊ घरी आला. भाऊ तसा मायेचा. डोळे गेले तेव्हा ऑपरेटरच्या प्रशिक्षणाची धावपळ त्यानंच केली होती. म्हणाला, "हे बघ, एवढं केलंस, पुष्कळ झालं. नोकरी आहे, घर आहे. कशाला जिवाचा आटापिटा करतोस?"

"दादा, मी नापास झालोय, दमलो नाहीये."

"आणि हिच्या घशाचं काय?"

"माझ्या घशाचं मी बघते, भाऊजी," बायको आतून म्हणाली. "तुम्ही चहा घ्या."

भाऊ गेल्यावर ती त्याच्यासमोर येऊन बसली. "तुम्ही पेपरात लेखनिकाला काय सांगितलंत ते जसंच्या तसं सांगा मला."

त्यानं सांगितलं. प्रश्न होता असहकार चळवळ मागे घेण्याबद्दल. बावीस साली चौरीचौऱ्याला पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या, जमावानं चौकी पेटवली, आत पोलीस जळून मेले, आणि गांधीजींनी देशभरातली चळवळ थांबवली. कारणं अमुक, परिणाम तमुक. एकही शब्द चुकला नाही.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "हे तर माझंच वाचन आहे. शिट्ट्या तेवढ्या गाळल्यात. यात तुम्ही कुठे आहात?"

"परीक्षेत मी कशाला हवा?"

"का नको? मला तर वाचतानाच राग आला होता. माणसं घरदार, नोकऱ्या सोडून तुरुंगात जाऊन बसलेली. आणि एका गावात काही झालं म्हणून सगळ्यांना सांगायचं, उठा, घरी जा? त्यांनी काय तोंडानं जायचं?"

"एका गावात काही झालं? अगं, माणसं जाळली! अहिंसेवर उभी असलेली चळवळ त्यानंतर कशाच्या जोरावर चालवायची?"

"मग ज्यांनी जाळलं नाही त्यांचा काय दोष?"

"दोष नाही. पण आज एक चौकी, उद्या दहा पेटल्या असत्या. सरकारला चिरडायला निमित्तच हवं होतं."

"म्हणजे सरकारला घाबरून थांबवली?"

"घाबरून नाही!" तो ओरडलाच. शेजारणीनं दार वाजवून सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. बायकोनं तिला सांगितलं, "बावीस सालचं भांडण आहे, काकू. आमचं नाही."

दार लागलं. ऑपरेटर म्हणाला, "मी आत्ता जे बोललो, त्यातलं एक वाक्यही पेपरात सांगितलं नव्हतं."

"तेच म्हणते मी."

तेव्हापासून वाचन कमी झालं आणि वाद सुरू झाले. ती एक बाजू घ्यायची, तो दुसरी. आठवडा संपला की बाजू बदलायच्या. बसथांब्यावर मवाळ आणि जहाल एकमेकांना भिडायचे. भाजी निवडताना गोलमेज परिषद भरायची. एकदा बसमध्ये क्रिप्स योजनेवरून इतकं पेटलं की पुढच्या सीटवरचे गृहस्थ वळून म्हणाले, "वहिनींचा मुद्दा बरोबर आहे." ऑपरेटर उतरेपर्यंत त्या गृहस्थांशी भांडत राहिला. घरी आल्यावर तोच मुद्दा त्यानं मोबाइलवर बोलून ठेवला. पुढच्या आठवड्यात बाजू बदलल्या की तो त्याच्याच कामाला येणार होता.

तो पूर्व परीक्षा पुन्हा पास झाला आणि दुसऱ्या वेळची मुख्य परीक्षा आली. उत्तरं लिहायला केंद्रानं लेखनिक दिल्या होत्या: एका शाळेतल्या ग्रंथालयात काम करणाऱ्या बाई, अक्षर चांगलं, पण हात संथ. वर आणखी एक पंचाईत. तिसऱ्या उत्तराला त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं.

"असं लिहू? आम्हाला शाळेत वेगळं शिकवलं होतं हो."

वर्षभर भांडून तयार झालेली जीभ त्याच्या तोंडात वळवळली. हातातला वेळ तर भराभर सरत होता. तो आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, वाद आपण बाहेर गेल्यावर पोटभर घालू. आत्ता डोकं माझं आणि हात तेवढा तुमचा."

बाई ओशाळून हसल्या. पेन पुन्हा चालू झालं, पण वेग वाढेना. त्याला आपलं टेबल आठवलं. घाबरलेल्या नातेवाइकाला नंबर सांगताना तो कसा सांगायचा? थोडे आकडे, मग थांबायचं. समोरच्याचं लिहून झाल्याची चाहूल लागली की पुढचे. त्यानं लांब वाक्यं टाकून दिली. चार-पाच शब्द सांगायचे, पेनचा आवाज थांबेपर्यंत पुढचे चार-पाच जुळवायचे. हळूहळू दोघांची लय जमली. शेवटचा प्रश्न अर्धाच झाला. मधले सगळे मात्र त्याच्या मनासारखे झाले होते.

बाहेर आल्यावर बाई खरंच थांबल्या होत्या. "हं, आता बोला," म्हणाल्या. फाटकात बायको वाट बघत होती; तिनं बाईंची बाजू घेतली, आणि तिघं चहाच्या टपरीवर बराच वेळ बोलत बसली.

निकाल लागला. नाव यादीत होतं, पण त्याला हव्या असलेल्या पदाच्या एक पायरी खाली. भाऊ पेढ्यांऐवजी बिस्किटांचे पुडे घेऊन आला आणि खुर्चीत अवघडून बसला. "मी चुकलो असं म्हणू का?"

"आत्ता नको, दादा. वरच्या पदासाठी पुन्हा बसणार आहे. तेव्हा एकदमच म्हण."

भाऊ मोठ्यानं हसला आणि डोळे पुसायला उठून खिडकीशी गेला. बायकोला ते दिसलं. तिनं नवऱ्याला सांगितलं नाही. पण नाक ओढल्याचा आवाज त्याच्या कानांनी टिपला होताच.

नेमणूक दुसऱ्या गावी, नगरपालिकेत झाली. बायकोनं तिथल्या औषधाच्या दुकानात काम मिळवलं. नवे साहेब सज्जन होते, पण म्हणाले, "बोलणारा संगणक मागवलाय. येईपर्यंत निवांत बसा, कुणी काही म्हणणार नाही."

त्याला निवांत बसायचं नव्हतं. त्यानं शेजारच्या कारकुनाला फायली मोठ्यानं वाचायला लावल्या आणि प्रत्येक फायलीवरचा शेरा तोंडी सांगितला. एखादा मुद्दा पटला नाही तर तो पान पुन्हा वाचायला लावायचा. महिन्याभरात कारकुनाचा घसा बसला. तो स्वतःच साहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि घोगऱ्या आवाजात संगणकाची मागणी करून आला. मग मात्र कागद भराभर हलले.

संगणक आला त्या दिवशी ऑपरेटरनं दुपारचं जेवण लांबणीवर टाकलं आणि पहिली फाइल स्वतः उघडली. पाणीपट्टीच्या तक्रारीची होती ती, बरीच जाडजूड.