नॉर्मल रिपोर्टचं जेवण

माझा धाकटा भाऊ बिबट्यासमोर डगमगला नाही. त्याचं गावभर कौतुक झालं आणि पुढे तेच कौतुक त्याला नडलं.

चोपड्याजवळ आमची केळीची बाग आहे. तीन वर्षांपूर्वी घड कापणं चालू असताना पंधरा-वीस पावलांवर बिबट्या उभा दिसला. मजूर पळायच्या बेतात होते. भावाने हात आडवा धरला, कोणीही पाठ दाखवू नका म्हणाला, आणि एकेक पाऊल मागे घेत सगळ्यांना बांधावर आणलं. मग वन खात्याला फोन केला. मी जळगावहून विचारलं तर म्हणाला, "घाबरनू तर खरं, अक्का. पण काय करनं ते समजे." त्या दिवशी तो नेहमीसारखा पोटभर जेवला, असं आई सांगत होती.

मी जळगावच्या ज्युनियर कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. भावाचा बिबट्या मी दुसऱ्याच दिवशी वर्गात नेला. फळ्यावर दोन रकाने पाडले, भीती आणि चिंता. भीतीला समोर काहीतरी असतं. ते गेलं की भीतीही उतरते. चिंतेला समोर काही नसतं, म्हणून ती कधी उतरायची हेच कळत नाही. मुलांनी पटापट लिहून घेतलं. चिंतेच्या रकान्यात मी पुस्तकातलीच उदाहरणं लिहिली, कारण घरचं एकही माझ्याकडे नाही अशी माझी समजूत होती.

वर्षभराने भावाचा फोन आला. भरदुपारी बागेला पाणी देताना त्याची छाती धडधडायला लागली, हात गार पडले, आता आपण मरतो असं वाटलं. पंधरा मिनिटांत सगळं थांबलं. तसंच आठवड्यात आणखी दोनदा झालं. घरात वडील हृदयविकाराने गेलेले, त्यामुळे आईने तेच धरून घेतलं. तिने लगोलग देवीला मानता मानली, की पोराच्या हृदयाला काही निघालं नाही तर वरण-बट्टीचं जेवण घालीन. मी त्याला जळगावला आणलं. ईसीजीची पट्टी काढली, सोनोग्राफी झाली, पट्ट्यावर पळवून झालं. हृदय ठणठणीत. डॉक्टरांनी जाता जाता एवढंच म्हटलं की असं परत झालं तर मनाच्या डॉक्टरांना दाखवा. मी मान डोलावली आणि विसरले. मानसशास्त्राची बाई! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

आईचा फोन आला, "बठ्ठं बरं शे ना?" मी म्हटलं, सगळं नॉर्मल शे, लाग तयारीला. जेवणाचा दिवसही मीच ठरवला. माझा स्वभावच तसा, एखादी गोष्ट संपली असं मला वाटलं की ती सगळ्यांसाठी संपलेली असते.

सातपुड्याच्या पायथ्याशी देवीच्या ठाण्यावर चुली पेटल्या. गव्हाच्या पिठात मक्याचा भरडा मिसळून बट्ट्या उकडल्या, कापून तुपात तळल्या. तुरीचं वरण, घोटलेली वांगी. दीडशे माणूस जेवलं. मी पंगतीतून फिरून मोबाइलवरचा रिपोर्ट दाखवत होते, कोणाला त्यातलं ओ की ठो कळत नसताना. एक आबा भावाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, बिबट्याला न भिणाऱ्याला काय होतंय! सगळे हसले. भावही हसला. आमच्याकडे मानतेचं जेवण झालं की दुखणं गावासमोर संपतं. त्यानंतर परत दुखतं म्हणणं म्हणजे देवीला खोटं पाडणं, आणि त्याआधी आईला. हे मला लहानपणापासून माहीत आहे. पंगतीत फिरताना मात्र डोक्यात आलं नाही.

पुढचे आठ महिने त्याने धडधडीचं नाव काढलं नाही. जळगावला येणं कमी झालं, बाजारात मजुराला पाठवायचा. आई म्हणाली, कामाचा माणूस आहे. मीही तेच म्हणाले.

मग एकदा मी गावाकडून परत निघाले तेव्हा बस चुकली, आणि आईने त्याला मला मोटारसायकलवर सोडायला लावलं. तापीचा पूल दिसायला लागला आणि त्याने गाडी बाजूला घेऊन बंद केली. उतरून मैलाच्या दगडावर बसला. शर्ट घामाने ओला, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरलेले. मी घड्याळ बघत होते, चार वाजता माझी मीटिंग होती. फटकन म्हणाले, "काय नाटक लावलंय रे? रिपोर्ट नॉर्मल आहे ना तुझा!"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाला, "तो बिबट्या बरा व्हता, अक्का. दिखे तरी. हाई दिखतच नही."

मी विचारलं, मग आम्हाला सांगितलं का नाहीस?

"बठ्ठास्नी बट्टी खादी. आते कोणले काय सांगू?"

मला माझीच लाज वाटली. स्वतःचा रागही इतका आला की मी पुलाकडे तोंड करून उभी राहिले. मन चिंती ते वैरी न चिंती, हे मी वर्गात किती वेळा बोलले असेन. दर वर्षी दोनशे मुलांना भीती आणि चिंतेतला फरक शिकवणारी मी, आणि ज्याच्या अंगात ती चिंता घर करून होती त्याला मी दीडशे माणसांसमोर बरा करून टाकला होता. आम्ही पूल चालत ओलांडला. गाडी त्याने ढकलत आणली. पुलाच्या मधोमध त्याचा श्वास लागला तेव्हा मी त्याचा दंड धरला.

पुढच्या आठवड्यात मी त्याला जळगावात मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. आईला खरं तेच सांगून नेलं. ती आधी रडली, मग म्हणाली, देवीशी मी बोलेन, तू त्याला घेऊन जा. दवाखान्यात मी पाठ करून गेले होते, केव्हा सुरू झालं, किती वेळा, घरात कोणाला काय. डॉक्टरांनी "काय होतं?" विचारलं आणि मी तोंड उघडलंच होतं, की भाऊ माझ्या हातावर हात ठेवून हळूच म्हणाला, "अक्का, तू जरा बाहेर बसशी का?"

चाळीस वर्षांत त्याने मला कधी बाहेर जा म्हटलं नव्हतं. मला लागलं, खोटं कशाला बोलू. मी उठले, दार लावून घेतलं आणि बाकावर बसले. आतून त्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. तो बोलत होता, थांबत होता, परत बोलत होता. माझ्यासमोर तो इतका वेळ कधीच बोलला नव्हता.